आज्जीचा अंगठा आणि बी रिपोर्ट

(रविवारच्या युवा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललेलं तसंच ठेवलं आहे, फक्त कलमांचे आकडे तपासून घेतले आहेत.)



मला भाषण करायची सवय नाही. मी एका दुकानात हिशेब लिहिते. पण गेलं दीड वर्ष आमच्या घरात एकच विषय आहे, आणि त्यातनं जे शिकले ते तुम्हाला सांगितलं नाही तर उपयोग काय, म्हणून उभी राहिले. गावाचं, कचेरीचं, पोलीस स्टेशनचं नाव मी घेणार नाही. प्रकरण अजून कोर्टात आहे. शिवाय असली गोष्ट एकाच गावात घडते असंही नाही.

माझ्या आज्जीच्या नावावर १ एकर ८ गुंठे जमीन आहे. होती म्हणू की आहे, हाच तर वाद आहे. ही जमीन तिला माहेरहून मिळालेली. आजोबांची नव्हे, तिची स्वतःची. भात निघतो, नंतर मसूर, वाटाणा. ऑगस्ट २०२४ मध्ये सोसायटीच्या कर्जासाठी बाबा नवा उतारा काढायला गेले. खिडकीतनं कागद आला आणि बाबा तिथंच उभे राहिले. मालकाच्या रकान्यात आज्जीचं नाव नव्हतं. भलत्याच माणसाचं होतं.

मग आम्ही ईसी काढली. ईसी म्हणजे त्या जमिनीवर कोणकोणते दस्त नोंदले गेले त्याचा दाखला. त्यात दिसलं, की २०२२ साली आज्जीनं म्हणे खरेदीखत करून जमीन विकली. दस्ताचा नंबर मिळाला, त्यावरनं सब-रजिस्ट्रार कचेरीतनं दस्ताची नक्कल काढली. त्यात तीन गोष्टी होत्या.

पहिली, विकणारी ‘निरक्षर’ म्हणून फक्त अंगठा. आमची आज्जी मराठी शाळेत चौथी शिकलेली आहे. सोसायटीत, बँकेत, पंचायतीत सगळीकडे तिची सही आहे. अक्षर वाकडं, पण सही.

दुसरी, फोटो. कचेरीत कॅमेऱ्यावर काढलेला, काळपट. नऊवारीतली, डोईवर पदर घेतलेली एक म्हातारी. पण आमची आज्जी नव्हे.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. ‘ही बाई तीच आहे, आम्ही हिला ओळखतो’ म्हणून सही करणाऱ्या दोन साक्षीदारांत एक नाव बाबांच्या चुलत भावाचं होतं. माझे काका. आमच्या दारासमोरच त्यांचं दार.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आई म्हणाली, “राहू दे, एक एकरासाठी भाऊबंदकी नको.” आज्जी मात्र म्हणाली, “जमीन जाऊ दे की न जाऊ दे. माझ्या नावानं दुसरीच कोण उभी राहिली, ती कोण ते मला बघायचं हाय.”

सप्टेंबरमध्ये बाबांनी फिर्याद दिली, एफआयआर झाला. इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. पण गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड संहितेचीच लागतात: ४१९, ४२०, ४६७, ४६८, ४७१. तपासाची पद्धत मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं. आमच्यासारख्या प्रकरणात दोन्ही पुस्तकं उघडावी लागतात. आणि एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. मागून घ्या.

मग आज्जीला जबाबाला स्टेशनवर बोलावलं. ८१ वर्षांची बाई, बाकड्यावर चार तास बसली. नंतर कळलं, की कायद्याप्रमाणं साक्षीदार बाई असेल किंवा माणूस ६० वर्षांवरचा असेल तर जबाबासाठी स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. बोलावलं, गेलो.

आज्जी मराठीत बोलली. समोरच्यांनी कन्नडमध्ये लिहून घेतलं. ते चांगले बोलत होते, चहाही दिला. मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला लगेच कुणाला तरी वाईट ठरवायची घाई असते. लिहून झालं, वाचून काही दाखवलं नाही, आम्ही घरी आलो.

त्यानंतर सगळं शांत. बाबा विचारायला गेले की “चालू हाय तपास, या नंतर.” नव्या कायद्यात कलम १९३ खाली ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवायचं बंधन आहे. आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि आम्हीही लेखी विचारलं नाही. ती आमची चूक. तोंडी विचारलेल्याचा पुरावा राहत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात कोर्टातनं एक नोटीस आली. कन्नडमध्ये. आईनं ती लाईट बिलाबरोबर फळीवर ठेवली. आठ दिवसांनी माझ्या हाताला लागली. मला कन्नड बोलता येतं, पण कोर्टाचं कन्नड वाचताना दमछाक होते. शेजारच्या बाई कन्नड शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “अगं, पोलिसांनी तुमची केस बंद केलीय. बी रिपोर्ट घातलाय. तुमची हरकत असली तर परवा कोर्टात जायचं आहे.”

परवा!

बी रिपोर्ट म्हणजे काय ते सांगते. तपास झाल्यावर पोलीस कोर्टाला अहवाल देतात. आरोप टिकतो असं वाटलं तर दोषारोपपत्र, नाही वाटलं तर बंद करायचा अहवाल. आपल्याकडं कर्नाटकात त्याला बी रिपोर्ट म्हणतात, महाराष्ट्रात ए, बी, सी समरी म्हणतात. लोकांना वाटतं, बी रिपोर्ट पडला म्हणजे संपलं. तसं नाही. पोलीस केस बंद करत नाहीत, बंद करावी अशी शिफारस करतात. बंद करायची की नाही ते न्यायदंडाधिकारी ठरवतात. आणि ठरवण्याआधी फिर्याद देणाऱ्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या खटल्यात सांगितलं. दिल्लीतल्या एका बापानं आपल्या लग्न झालेल्या मुलीच्या मृत्यूच्या तपासावरून ते भांडण लढलं होतं. फळीवरची ती नोटीस आमच्यापर्यंत आली ती त्या बापामुळं.

तेव्हा घरात कन्नड कागद आला तर फळीवर ठेवू नका. वाचता येत नसेल तर त्याच दिवशी वाचणारा माणूस शोधा.

वकीलसाहेबांनी पहिल्या तारखेला मुदत मागून घेतली आणि बी रिपोर्टची, सगळ्या जबाबांची नक्कल मागितली. ती मिळाल्यावर शिक्षिकाबाईंच्या सोप्यावर बसून आम्ही तीन संध्याकाळी वाचत होतो. त्या कन्नडमध्ये वाचायच्या, मी वहीत मराठीत उतरवायची.

पोलिसांची कारणं तीन होती. एक, वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. दोन, फिर्याद उशिरा दिली. तीन, खुद्द जमीनमालकीण सांगते, की आपण कचेरीत गेलो होतो की नाही ते आपल्याला आठवत नाही.

तिसरं कारण ऐकून मी बाईंना म्हटलं, “परत वाचा.” त्यांनी परत वाचलं. मी जबाबाच्या वेळी आज्जीच्या शेजारी बसले होते. आज्जीचे शब्द माझ्या कानात होते. ती म्हणाली होती, “मला आठवतंय तसं मी त्या कचेरीत कधी पाय ठेवलेला न्हाई.” आपली म्हातारी माणसं असंच बोलतात. ‘आठवतंय तसं’ म्हणजे खात्रीनं, जन्मात कधी नाही. कागदावर ते झालं होतं ‘गेले की नाही, आठवत नाही.’

खोटं कुणी मुद्दाम लिहिलं असं मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येत नाही. पण एका वाक्यात नकाराचा संशय झाला, आणि त्या संशयावर केस बंद झाली. मी घरी येऊन आज्जीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे मीच माझी जमीन घालवली व्हय गं?” ते मला अजून झोपू देत नाही.

आता हरकत कशी घेतली ते सांगते. कोर्टात याला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. आम्ही आधी घरी जे लिहिलं ते चार पानांचं रडगाणं होतं. आमच्यावर अन्याय झाला, काकांनी विश्वासघात केला, पोलीस ऐकत नाहीत. वकीलसाहेबांनी ते बाजूला ठेवलं. म्हणाले, “ताई, अन्याय झाला हे दहादा लिहून उपयोग नाही. तपासात काय करायचं राहिलं ते लिहा.” मग आम्ही ही यादी केली.

दस्तावरचा अंगठा आणि आज्जीचा अंगठा तज्ज्ञांकडे ताडायला पाठवलाच नाही. आज्जी जिवंत आहे, अंगठा तिच्या हाताला आहे, दस्त कचेरीत आहे. एवढं सोपं काम राहिलं.

सोसायटी आणि बँकेतल्या तिच्या जुन्या सह्या मागवल्या नाहीत. ‘निरक्षर’ हा शब्द खोटा ठरवायला त्या पुरेशा होत्या.

फोटोतली बाई कोण, हे कुणालाच विचारलं नाही. दोन्ही साक्षीदारांना “सही तुमची का?” एवढंच विचारलं. “ही बाई कुठनं आणली?” विचारलं नाही.

सगळी रक्कम रोख पोचली असं दस्तात आहे. खरेदीदारानं ती कुठनं काढली, कुणाच्या हातात दिली, याचा एक शब्द नाही. खरेदीदार स्वतःच फसला असेल हेही शक्य आहे. तेसुद्धा तपासातच कळणार.

आणि पाचवा मुद्दा, जबाबाच्या भाषांतराचा. त्याला आज्जीचं मराठीतलं प्रतिज्ञापत्र जोडलं, खाली तिची वाकडी सही.

‘दिवाणी वाद’ या कारणाबद्दल जरा थांबते, कारण जमिनीच्या बहुतेक केसी याच दगडावर फुटतात. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. निव्वळ दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देऊन समोरच्याला छळू नका, हे एक. आणि दिवाणी दावा करता येतो म्हणून गुन्हा हा गुन्हा राहत नाही असं नाही, हे दुसरं. आपलं प्रकरण नेमकं कशात बसतं ते आधी बघावं लागतं.

२००९ चा मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य हा निकाल वकीलसाहेबांनी आम्हाला समजावला. एखाद्यानं तुमची जमीन ‘ही माझी आहे’ म्हणून स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं विकली, तर तो खोटेपणा आहे, पण कायद्याच्या अर्थानं तो बनावट दस्त होत नाही. त्यात फसला असेल तर घेणारा फसला, खरा मालक नव्हे. पण कुणी ‘मीच ती’ म्हणून तुमच्या जागी उभं राहिलं आणि अंगठा दिला, तर तो बनावट दस्त. आमचं प्रकरण दुसऱ्या जातीचं. म्हणून आम्ही ४२० वर जोर दिला नाही. तोतयेगिरी आणि बनावट दस्त यावर दिला. सोबत नोंदणी कायद्याचं कलम ८२, निबंधकासमोर दुसऱ्याच्या नावानं उभं राहण्याचं, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावात सगळे ‘चारशे वीस, चारशे वीस’ करतात. आधी आपली केस कुठली ते विचारा.

हरकत ऐकल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे वाटा असतात. बी रिपोर्ट मान्य करून फाईल बंद करणं. तो नाकारून स्वतः गुन्ह्याची दखल घेणं. किंवा पोलिसांना पुढचा तपास करायला सांगणं, ते कलम १९३(९) मध्ये आहे. आपल्या हरकत अर्जालाच खाजगी तक्रार धरून, शपथेवर जबाब घेऊन पुढे जाता येतं, पण त्यासाठी अर्जात तक्रारीत लागतं ते सगळं हवं: कुणी, कधी, काय केलं, साक्षीदार कोण. आणि ‘दोषारोपपत्र घालाच’ असा हुकूम मात्र न्यायदंडाधिकारी पोलिसांना देऊ शकत नाहीत. म्हणून तसं मागू नका. पुढचा तपास मागा.

पुढच्या तपासाबद्दलचा २०१९ चा मोठा निकाल, विनुभाई मालवीय विरुद्ध गुजरात राज्य, तोही सुरतकडच्या शेतजमिनीच्या वादातनंच उभा राहिलेला. न्यायाधीशांनी तिथं सांगितलं, की खटल्याची सुनावणी सुरू होईपर्यंत पुढचा तपास करायला सांगायचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे.

आमच्या कोर्टानं बी रिपोर्ट नाकारला आणि पुढच्या तपासाचा हुकूम दिला. अंगठा ताडून घ्या, फोटोबद्दल विचारा, आज्जीचा जबाब परत घ्या. उलट झालं असतं तर ९० दिवसांच्या आत सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज करता आला असता, हेही लक्षात ठेवा.

टाळ्या वाजवू नका. आम्ही जिंकलेलो नाही. अंगठ्याचा अहवाल अजून आलेला नाही. काका दोषी आहेत असं मी इथं म्हणत नाही, ते कोर्ट ठरवेल. कदाचित त्यांनाही कुणी पुढं करून सही घेतली असेल. पण यंदा दिवाळीला दोन दारांमधनं फराळाचं ताट गेलं नाही. काकांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. आता बसस्टॉपवर भेटला तर आम्ही दोघंही मोबाईलमध्ये बघतो. हक्कासाठी लढा म्हणणं सोपं असतं. त्याची किंमत घरात मोजावी लागते, आणि ती आईनं सगळ्यात जास्त मोजली.

आणखी एक. फौजदारी केसनं जमीन परत येत नाही. त्यासाठी दस्त रद्द करायचा दिवाणी दावा वेगळा घालावा लागतो, आणि फसवणूक कळल्यापासून त्याला तीन वर्षांची मुदत आहे. उताऱ्यावरच्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील वेगळं. बरेच लोक पोलिसांच्या निकालाची वाट बघत मुदत घालवतात. आम्ही तिन्ही लावलं आहे.

तुम्ही आज घरी गेल्यावर काय कराल? आईबाबांच्या, आज्जीआजोबांच्या नावाचे उतारे काढा. ईसी काढा. बेंगळुरू, पुणे, मुंबईला कामाला आहात म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, तिथंच हे घडतं. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ, ७९-ब ही कलमं काढल्यापासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, गिऱ्हाईक वाढलं आहे. १९५६ आधीचे मराठी कागद ट्रंकेत असतील तर सांभाळा. जुन्या मराठी कागदातलं नाव आणि आजच्या कन्नड उताऱ्यातलं नाव जुळतं का बघा, एका अक्षराच्या फरकानं माणूस बदलतो. आणि तक्रारीचा अर्ज मराठीत लिहायला घाबरू नका. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क संविधानाच्या ३५० व्या कलमानं दिला आहे. पण कन्नड वाचायला पण शिका. मी सध्या शिक्षिकाबाईंकडे शिकते आहे. आपल्याबद्दल काय लिहिलं आहे ते आपल्याला कळलं पाहिजे.

जबाबाचं शेवटचं सांगते आणि बसते. पोलिसांपुढच्या जबाबावर सही किंवा अंगठा लागत नाही, कायदाच तसा आहे. पण वाचून दाखवा असं म्हणता येतं, आणि जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करा अशी विनंती करता येते, त्याची तरतूद आहे.

या वेळी नवे अधिकारी घरी आले. सोप्यावर बसले. आज्जी पुन्हा तेच बोलली, “मला आठवतंय तसं...” मी मधेच म्हटलं, “आज्जी, तसं नको म्हणू. गेलीस की नाही गेलीस, एवढंच सांग.”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. म्हणाली, “न्हाई गेले.”

त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, “साहेब, वाचून दाखवता का?” त्यांनी कन्नडमध्ये वाचलं, शिक्षिकाबाईंनी दारातनं मराठीत सांगितलं. आज्जी म्हणाली, “बरोबर हाय.” मग तिनं पदराला हात पुसला आणि अंगठा पुढं केला. तिला वाटलं, आता द्यायचा असतो. साहेब म्हणाले, “आज्जी, इथं नको. तज्ज्ञांकडं पाठवायला वेगळा घेऊ.”

तो अंगठा घेतला आहे. अहवालाची वाट बघतो आहोत.